शिक्षा, कल्पना आणि गरम जेवण : मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

बालसाहित्याच्या इतिहासात आज्ञाभंग करणारे मूल नवे नाही. किंबहुना आज्ञाभंग घडला नाही तर बालकथा सुरूच होत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रश्न असतो तो आज्ञाभंगानंतर मुलाचे काय होते याचा. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पुस्तकांनी या प्रश्नाचे उत्तर शिक्षेच्या रूपाने दिले, आणि ती शिक्षा पुष्कळदा ताटातून दिली गेली. जेवण मिळणे, न मिळणे, कमी मिळणे वा कडू मिळणे ही मुलाच्या वर्तनावर घर जो निकाल देते त्याची सर्वांत जुनी भाषा होय. मॉरिस सेंडॅक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे अमेरिकन चित्रपुस्तक १९६३ साली न्यूयॉर्कच्या ‘हार्पर अँड रो’ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. या पुस्तकाविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्यातील राक्षस, त्यातील समुद्रप्रवास, त्यातील मानसशास्त्र यांची चर्चा झाली आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्यातील जेवणाचा धागा धरून या पुस्तकाचे ऐतिहासिक स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे. १९६३ ते १९६९ या काळात अमेरिकेत या पुस्तकावरून जो वाद झाला त्याच्या केंद्रस्थानी, वरकरणी राक्षस दिसत असले तरी, उपाशी झोपवलेले एक मूल होते.

पुस्तकाचे कथानक थोडक्यात सांगता येते. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरात धुमाकूळ घालतो. भिंतीत खिळा ठोकतो, काटा घेऊन कुत्र्याच्या मागे लागतो. आई त्याला रानटी प्राणी ठरवते. तो आईला खाऊन टाकण्याची धमकी देतो. आई त्याला न जेवता झोपायला पाठवते. खोलीत रान उगवते, समुद्र येतो, नाव येते. जवळजवळ वर्षभर प्रवास करून मॅक्स राक्षसांच्या बेटावर पोहोचतो, त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत डोळे घालून त्यांना वश करतो, त्यांचा राजा होतो, त्यांच्यासह मनसोक्त धिंगाणा घालतो. मग त्याला एकटे वाटू लागते. दूरवरून जेवणाचा वास येतो. तो राज्य सोडून परत निघतो. खोलीत त्याचे जेवण वाढून ठेवलेले असते. इंग्रजी मजकूर अवघा ३३८ शब्दांचा आहे.

ताटातील शिक्षा

या ३३८ शब्दांचे वेगळेपण समजण्यासाठी मागे जावे लागते. जर्मनीतील फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांना १८४४ च्या नाताळात आपल्या लहान मुलाला भेट देण्याजोगे पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच चित्रे काढून व पद्ये रचून एक वही तयार केली. १८४५ साली ती छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने जगभर गेली. तीत आगपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो. कास्पर नावाचा गुटगुटीत मुलगा एके दिवशी सूप पिणार नाही म्हणतो; पानागणिक तो वाळत जातो आणि पाचव्या दिवशी मरतो. त्याच्या थडग्यावर सुपाचे भांडे ठेवलेले दाखवले आहे. हॉफमान यांचा हेतू क्रूर नव्हता; ही चित्रे हास्यचित्रे आहेत, आणि अनेक पिढ्यांच्या मुलांनी ती हसतच वाचली असावीत. परंतु रचना पाहिली तर कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कोठेही फट नाही. हट्ट आणि मृत्यू यांत केवळ पाच दिवसांचे अंतर आहे, आणि त्या पाच दिवसांत कास्परच्या मनात काय चालले होते हे विचारण्याची पुस्तकाला गरज वाटत नाही.

बिएट्रिक्स पॉटर यांचे ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ १९०२ साली लंडनच्या फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकांनी काढले. येथे सूर पुष्कळ सौम्य होतो. आईने मना केलेल्या बागेत पीटर शिरतो, भाजी खातो, जीव मुठीत धरून पळतो आणि कोट व बूट गमावून घरी येतो. आई मारत नाही. तो अंथरुणात पडतो, त्याला कॅमोमाइलचा काढा मिळतो. शहाण्या बहिणींना मात्र दूध, पाव आणि बोरांसारखी रानफळे मिळतात. शिक्षा आणि बक्षीस एकाच रात्रीच्या जेवणात शेजारीशेजारी मांडण्याची ही युक्ती अतिशय नेमकी आहे. शिवाय पॉटर यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे की, पीटरच्या वडिलांना याच बागेत अपघात झाला व त्यांचे पुढे ‘पाय’ नावाचे पक्वान्न झाले. म्हणजे या कथेत पीटर एकाच वेळी खाणारा आहे आणि खाल्ला जाण्याची शक्यता असलेलाही आहे. सेंडॅक यांच्या पुस्तकात हीच दुहेरी स्थिती पुन्हा भेटते.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या पुस्तकांवर दोन प्रकारच्या अधिकारी व्यक्तींची पकड होती. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरोल मूर यांनी १९०६ ते १९४१ या काळात कोणते पुस्तक चांगले हे जवळजवळ एकहाती ठरवले. त्यांचा ओढा परीकथा, सौंदर्य आणि निरागसता यांकडे होता. दुसऱ्या बाजूला ल्यूसी स्प्रेग मिचेल आणि त्यांची पुढे ‘बँक स्ट्रीट’ म्हणून ओळखली गेलेली शिक्षणसंस्था होती. १९२१ साली मिचेल यांनी ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’ प्रसिद्ध करून, लहान मुलाला परीपेक्षा आगगाडी, रस्ता व शेजार यांच्या गोष्टी हव्या असतात, असा पक्ष मांडला. या दोन पक्षांत कडाक्याचे मतभेद होते. तथापि एका बाबतीत दोघांचेही मौन सारखेच होते. मुलाला राग येतो, आणि तो आपल्या आईचाच येतो, ही गोष्ट दोहोंपैकी कोणाच्याही पुस्तकांत फारशी येत नव्हती.

ब्रुकलिनचे घर

सेंडॅक यांचा जन्म १० जून १९२८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आईवडील पोलंडमधून आलेले यहुदी. मुलगा आजारी, बराच काळ खिडकीशी बसून रस्त्यावरची मुले पाहणारा. १९३२ साली वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण होऊन त्याचा मृत्यू झाला, तेव्हा सेंडॅक यांना चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या श्रीमंत व प्रसिद्ध माणसाचे मूल वाचू शकत नसेल तर आपले काय, ही भीती त्यांना जन्मभर पुरली. त्यापुढे आला तो युरोपातील नरसंहार. पोलंडमध्ये राहिलेले बहुसंख्य नातलग मारले गेले. बाहेर खेळून उशिरा घरी आले की, तुझ्याच वयाची ती भावंडे आता खेळू शकत नाहीत, असे आई ऐकवत असे, हे त्यांनी उतारवयातील मुलाखतींत सांगितले आहे. ज्या घरात मुलाचा साधा खेळही मेलेल्यांच्या हिशेबात मांडला जातो, त्या घरातील ‘मस्ती’ या शब्दाचे वजन निराळे असते. सेंडॅक यांच्या पुस्तकांतील भय हे कल्पनेचे लाड नव्हेत. ते इतिहासाने घरात आणून टाकलेले भय होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील वादाचा अर्थ लागत नाही.

पुस्तकातील राक्षसांचा उगमही याच घरातला. दर रविवारी येणारे मामा, काका, मावश्या. त्यांचे खराब दात, नाकातले केस, मोठाले डोळे. आणि मुलांचे गालगुच्चे घेत ‘खाऊनच टाकतो तुला’ म्हणण्याची त्यांची रीत. स्वयंपाक उशिरा होत असल्याने हे भुकेले पाहुणे खरोखरच आपल्याला खातील की काय असे मुलाला वाटे. मराठी घरातही लहानग्याला जवळ घेऊन ‘खाऊ का तुला?’ असे विचारण्याची पद्धत आहे, आणि तो प्रश्न किती टक्के लाडाचा व किती टक्के भीतीचा हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. शीर्षकातील शब्दही त्याच बोलीतून आला. यिद्दिश भाषेत दांडगट मुलाला ‘व्हिल्डे खाया’, म्हणजे रानटी जनावर, म्हणतात. या ठिकाणी मराठी अनुवादकाची अडचण लक्षणीय आहे. ‘रानटी’ म्हटले तर तिरस्कार येतो, ‘राक्षस’ म्हटले तर पुराण येते. आईच्या तोंडी शोभेल आणि प्राण्यालाही लागू पडेल असा शब्द शोधायचा तर ‘वांड’ हाच बराच जवळचा ठरावा, कारण तो गुरालाही लागतो आणि पोरालाही.

शीर्षक आरंभी वेगळे होते. १९५५ मध्ये सेंडॅक यांनी रानटी घोड्यांच्या देशाविषयीच्या एका पुस्तकाचा कच्चा आराखडा केला होता. पण घोडे त्यांना काढता येईनात. हार्परच्या बालपुस्तक विभागाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी झालेल्या विचारविनिमयात घोड्यांच्या जागी नुसत्या ‘गोष्टी’ आल्या, आणि त्या गोष्टींना मग रविवारच्या पाहुण्यांचे चेहरे मिळाले. नॉर्डस्ट्रॉम यांचा वाटा केवळ एवढाच नाही. १९४० पासून १९७३ पर्यंत त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. खेळण्यांच्या मोठ्या दुकानात खिडक्यांची सजावट करणाऱ्या, चित्रकलेचे फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या तरुणाला त्यांनी १९५१ पासून कामे देऊन घडवले. १९५२ साली रूथ क्राउस यांच्या ‘अ होल इज टू डिग’ या पुस्तकाची चित्रे सेंडॅक यांनी काढली; शब्दांच्या व्याख्या खुद्द लहान मुलांच्या तोंडून गोळा करून ते पुस्तक रचले होते. क्राउस यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांनी १९५५ साली जांभळ्या खडूने आपले जग आपणच काढणाऱ्या हॅरॉल्डचे पुस्तक हार्परमध्येच प्रसिद्ध केले. सेंडॅक या दांपत्याकडे जात-येत असत. तेव्हा मॅक्स हा एकट्या प्रतिभेच्या आकाशातून पडलेला मुलगा नव्हे. चांगल्या मुलांसाठी वाईट पुस्तके पुष्कळ निघतात, तर वाईट मुलांसाठी चांगली पुस्तके का निघू नयेत, अशा विचाराच्या एका संपादिकेने वीस-पंचवीस वर्षे तयार केलेल्या जमिनीत तो उगवला. याच दशकात सेंडॅक मनोविश्लेषणाचे उपचारही घेत होते, हेही नोंदवले पाहिजे.

चित्रांची मांडणी

चित्रपुस्तक म्हणजे चित्रे असलेले पुस्तक नव्हे. जेथे शब्द थांबतात तेथे चित्र बोलते, आणि कधी कधी चित्र शब्दांना खोटे पाडते, अशा रचनेला हे नाव आहे. या दृष्टीने प्रस्तुत पुस्तकाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे.

पहिले चित्र पानाच्या मध्यभागी लहानसे, भोवती पांढरी मोकळी जागा. मॅक्सचा राग वाढतो तसे चित्र वाढते. खोलीत रान उगवू लागते तेव्हा पलंगाचे खांब झाडे होतात, आणि रान पुरते माजल्यावर चित्र पानाच्या चारही कडांना भिडते. मग ते समोरच्या पानावर सांडू लागते. राक्षसांबरोबरच्या धिंगाण्यापर्यंत येताना शब्दांची जागा हटत हटत जाते, आणि सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. भाषा म्हणजे येथे आईची, घराची, शिस्तीची बाजू. ती पूर्णपणे हद्दपार झालेली असते. मॅक्स थांबा म्हणतो तेव्हाच शब्द परत येतात.

दुसऱ्याच चित्रात भिंतीवर मॅक्सने काढलेले राक्षसाचे एक चित्र टांगलेले आहे, खाली त्याची सही आहे. पहिल्या वाचनात ते सहसा नजरेतून सुटते. पण त्यामुळे सारा प्रवास कोठून आला याचे उत्तर प्रवासापूर्वीच मिळते. आईचे तर एकही चित्र नाही. ती केवळ शब्दांत आहे. तिचा चेहरा, तिचा राग, तिचे नंतरचे विरघळणे काहीही दाखवलेले नाही. चित्रकाराने आईला चेहरा दिला असता तर वाचणाऱ्या मुलाला तिच्या बाजूने वा विरुद्ध उभे राहावे लागले असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बेटावर घडते. धिंगाणा आटोपल्यावर मॅक्स राक्षसांना न जेवता झोपायला पाठवतो. जी शिक्षा त्याला सोसवली नव्हती तीच तो आपल्या प्रजेला देतो. हा प्रसंग पुष्कळ समीक्षकांनी विनोद म्हणून सोडून दिला आहे, तो योग्य वाटत नाही. आज्ञा देण्याच्या जागी बसल्यावर मॅक्सला पहिल्यांदा आईची जागा कळते, आणि त्या जागेवर किती एकटेपण आहे हेही कळते. पुढच्याच क्षणी त्याला जेवणाचा वास येतो. येथे कोणी त्याला उपदेश केलेला नाही, पश्चात्तापाचा शब्द नाही, क्षमायाचना नाही. केवळ शिक्षा देणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे आहे. हॉफमान यांच्या कास्परला जी फट मिळाली नव्हती, ती सेंडॅक यांनी शिक्षा आणि जेवण यांच्यामध्ये उघडली, आणि अख्खे पुस्तक त्या फटीत बसवले.

निघताना राक्षस त्याला थांबवू पाहतात. इतके प्रेम आहे की खाऊनच टाकू, असे म्हणतात. सुरुवातीला मॅक्सने आईला रागाने दिलेली धमकी येथे प्रेमाच्या रूपाने त्याच्याकडे परत येते. रविवारच्या पाहुण्यांचे वाक्य अशा रीतीने पुस्तकाच्या दोन टोकांना लावलेले आहे, आणि मॅक्स त्याला नकार देतो.

बेट, मुकुट, प्रजा आणि समुद्रावरून आलेला गोरा मुलगा ही रचना रॉबिन्सन क्रूसोच्या परंपरेतील आहे, हा आक्षेप वसाहतोत्तर समीक्षेने १९९० च्या दशकात घेतला. भारतीय वाचकाला तो सहज पटण्यासारखा आहे, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. नजरेच्या बळावर ‘रानटी’ लोकांना वश करणारा राजा ही प्रतिमा निष्पाप नव्हे. मात्र दोन गोष्टी त्याबरोबर मांडाव्या लागतात. या बेटावरील रहिवासी परके नाहीत, ते ब्रुकलिनमधील निर्वासित घराचे स्वतःचे नातलग आहेत. ऑलिव्हर नुसेन यांनी या पुस्तकावर रचलेल्या संगीतिकेत, जिचा पहिला प्रयोग १९८० साली ब्रसेल्स येथे झाला, राक्षसांना मोइशे, त्सिप्पी, आरोन, एमिल, बर्नार्ड अशी नावे देण्यात आली, त्यांतून हे नाते उघडच झाले. दुसरे असे की हा राजा राज्य टिकवत नाही, तेथून काही घेऊन येत नाही. तरीही वसाहतीची कथा इतक्या सहजतेने मुलाच्या स्वप्नाचा साचा बनते, हे चिंतनीय खरेच.

वाद : १९६३ ते १९६९

प्रकाशनानंतर ग्रंथव्यवसायातील काही परीक्षणांनी चित्रांची तारीफ करूनही हे पुस्तक मुलांना घाबरवील अशी शंका व्यक्त केली. संवेदनशील मुलाच्या हाती, विशेषतः तिन्हीसांजेच्या वेळी, ते पडू नये अशी सूचनाही शिशुशिक्षणविषयक एका नियतकालिकाने केली. त्या काळाची पार्श्वभूमी विसरता येत नाही. १९५४ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक पुस्तकांमुळे मुले गुन्हेगार होतात असे प्रतिपादन करून देशभर खळबळ उडवली होती, आणि चित्र पाहून मूल बिघडते ही समजूत अजून ताजी होती. तथापि १९६४ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तक म्हणून याच पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक दिले. स्वीकारभाषणात सेंडॅक यांनी आपली बाजू स्पष्ट केली. लहान मुले अगदी आरंभापासून भय आणि अस्वस्थता यांच्या सहवासात राहतात, प्रौढांना हे पाहवत नाही, आणि कल्पना हेच मुलांपाशी असलेले त्या भयाला वश करण्याचे साधन आहे, असा त्यांचा आशय होता. म्हणजे कल्पना ही पळवाट नव्हे, ते काम आहे.

आधीच्या वर्षी, १९६३ साली, हेच पदक एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ला मिळाले होते. कीट्स हेही ब्रुकलिनमधील पोलिश यहुदी निर्वासितांचे पुत्र, आणि त्यांचा नायक बर्फात एकटा हिंडणारा कृष्णवर्णीय मुलगा. लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेच्या अधिकृत बालपणात बाहेरून आलेल्या घरांनी प्रवेश केला, ही केवळ योगायोगाची बाब मानता येत नाही.

खरा आघात झाला १९६९ मध्ये. ब्रुनो बेटलहाइम हे शिकागो विद्यापीठाच्या विशेष मुलांच्या शाळेचे संचालक, बालमानसशास्त्रातील मोठे नाव. ‘लेडीज होम जर्नल’ या खपाच्या मासिकात ते आयांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवत. त्या सदरात त्यांनी सेंडॅक यांच्या पुस्तकावर कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, मुलाला खोलीत एकटे पाठवणे हा एक त्याग, आणि उपाशी पाठवणे हा दुसरा. जी पहिली अन्नदात्री, तिनेच हे करावे यासारखे दुसरे भय लहान मुलाला नाही, आणि लेखकाला ते कळलेलेच नाही. ही टीका करताना त्यांनी पुस्तक पाहिलेले नव्हते. आयांनी केलेल्या वर्णनावरूनच आपण बोलत आहोत, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

न वाचता केलेले परीक्षण म्हणून या लेखाची पुढे पुष्कळ टिंगल झाली, आणि सेंडॅक यांनीही त्याचा राग दीर्घकाळ धरला. मात्र टिंगलीने प्रश्न संपत नाही. बेटलहाइम यांनी बोट अचूक जागी ठेवले होते. पुस्तकावर आक्षेप घेणारे बाकी सर्व जण राक्षसांच्या दातांकडे व नखांकडे पाहत होते. एकट्या बेटलहाइम यांना, पुस्तक न उघडताही, ताट दिसले. १९३८-३९ मध्ये डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत कैदेत राहिलेल्या माणसाला भुकेची शिक्षा इतरांआधी दिसावी, यात नवल नाही. एका अर्थी हा वाद एकाच इतिहासाने पोळलेल्या दोन यहुदी माणसांतील होता, आणि दोघेही मुलाच्या भयाविषयीच बोलत होते. फरक एवढाच की बेटलहाइम यांना ते भय मुलाच्या वाट्याला येऊच नये असे वाटत होते, तर सेंडॅक यांना ते आधीच आलेले आहे हे ठाऊक होते. १९७६ साली बेटलहाइम यांनी परीकथांवरील आपल्या ग्रंथात चेटकिणी, लांडगे आणि रानात सोडून दिलेली भुकेली भावंडे यांचे मुलांच्या मनोविकासातील मोल हिरिरीने मांडले. त्यात जुन्या लोककथेला जो न्याय त्यांनी दिला तो सेंडॅक यांच्या पुस्तकाला सात वर्षांपूर्वी का नाकारला, याचे समाधानकारक उत्तर त्या ग्रंथात मिळत नाही. त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये, त्यांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर मारहाणीचे व छळाचे आरोप केले. त्या आरोपांनी त्यांच्या युक्तिवादाचे खंडन होत नाही. परंतु मुलाच्या भयाचा निवाडा कोणी करायचा, या प्रश्नाला त्यामुळे एक कडवट धार आली आहे.

दरम्यान मुलांनी आपला निर्णय दिलेला होता. २००९ पर्यंत या पुस्तकाच्या जगभरात सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी स्पाइक जोन्झ यांचा चित्रपट आला. त्यात मॅक्सच्या आईला चेहराही मिळाला आणि अडचणीही मिळाल्या, आणि त्यामुळेच तो चित्रपट पुस्तकापेक्षा बराचसा प्रौढांचा झाला. सेंडॅक यांचे ८ मे २०१२ रोजी कोनेक्टिकट राज्यात निधन झाले. १९७० चे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक, २००३ चा पहिला ॲस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार असे मोठे सन्मान त्यांना मिळाले. तथापि १९७० साली आलेल्या त्यांच्या ‘इन द नाइट किचन’मधील नागड्या मुलाला काही ग्रंथपालांनी रंगाने लंगोट नेसवला, यावरून पदकाने अधिकारी मंडळींची धास्ती संपत नाही हेच दिसते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याही पुस्तकाचा विषय रात्र, मूल आणि स्वयंपाकघर हाच आहे.

शेवटचे पान

मॅक्स परत येतो त्या चित्रात लांडग्याच्या पोशाखाची टोपी मागे सरली आहे, डोके उघडे पडले आहे, आणि जेवण टेबलावर आहे. खिडकीतला चंद्र मात्र बदललेला आहे. खोलीत कोंडले तेव्हा कोर होती. आता तो पूर्ण आहे. चंद्राचे ऐकायचे तर बरेच दिवस लोटले आहेत. हे चित्र पानभर पसरलेले आहे, पहिल्या खोलीच्या चित्राहून कितीतरी मोठे. मूल घरी आले, पण निघाले होते त्या मापात आले नाही.

यानंतर पान उलटले की चित्र नाही. कोऱ्या पानावर जेवण अजून गरम असल्याचे तेवढे सांगितले आहे. चित्रातला चंद्र एक सांगतो आणि शब्द दुसरे सांगतात. प्रवास वर्षाहून अधिक काळाचा होता आणि ताटातली वाफही निवली नव्हती, या दोन्ही गोष्टी पुस्तकाला एकदमच खऱ्या ठेवायच्या आहेत. या एका विशेषणावरून प्रकाशनापूर्वी प्रकाशनगृहात बरीच हुज्जत झाल्याचे सेंडॅक यांनी पुढे सांगितले आहे. गरम म्हटले तर मुलाचे तोंड भाजेल असे वाटते, तेव्हा कोमट म्हणावे, असा तिकडचा आग्रह होता. सेंडॅक यांनी तो मानला नाही. कोमट जेवण हे कोणीतरी मघाशी वाढून विसरलेले असू शकते. गरम जेवणाचा अर्थ असा की ज्या आईचा चेहरा पुस्तकभर दिसला नाही ती एवढ्यातच, मॅक्स राज्य करत होता तेव्हा, दाराशी येऊन ताट ठेवून गेली होती.